दशांश चिन्हानंतर किती? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात टर्मिनलवरच्या बीसी या छोट्या हिशेबनिसाबद्दल मी एकच परिच्छेद लिहिला होता. काळी खिडकी उघडा, बी आणि सी ही दोन अक्षरं टाइप करा, एंटर दाबा आणि करा आकडेमोड, इतकंच. त्यावर नऊ पत्रं आली आणि त्यांतली आठ भागाकारावरून चिडलेली होती. चूक माझीच. स्केल म्हणजे काय ते सांगायचं राहून गेलं. मीठ न घालता आमटीची कृती छापावी तसं झालं. तेव्हा या वेळचं सदर सगळं त्या मिठाचं.

इथे आज्ञा आणि आकडे देवनागरीत छापले आहेत, पण टाइप करताना अक्षरं इंग्रजी छोट्या लिपीतली घ्या आणि आकडेही इंग्रजीच. बीसीला आपला ७ कळत नाही. लाखाचे स्वल्पविरामही कळत नाहीत. १,२५,००० असं लिहिलंत तर व्याकरण चुकलं म्हणून कुरकुर करतो, १२५००० असं सलग लिहावं लागतं. गुणिलेसाठी चांदणी, भागिलेसाठी तिरकी रेघ, घातासाठी टोपी.

प्रश्न : ताई, आमची दूध संस्था आहे. संकलनाचं यंत्र दुरुस्तीला गेलंय, म्हणून फॅट आणि लॅक्टोमीटरची डिग्री वहीत लिहून घेतो आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, संगणकावर काढतो. भाच्यानं बीसीत सूत्र घालून दिलंय : डिग्री भागिले ४, अधिक फॅट गुणिले ०.२१, अधिक ०.३६. परवा एका उत्पादकानं भांडण काढलं. गायीचं दूध, फॅट ३.५, डिग्री ३०. त्यानं मोबाइलवर ८.५९५ काढून दाखवलं, आमच्या संगणकावर ८.०९. भाच्याला फोन केला, तो म्हणाला स्केल १ करा. केलं, तर ८.५९ आलं. आता मला दोन गोष्टी कळत नाहीत. एकच दशांश मागितला तर दोन का आले? आणि ह्या उत्तरावर विश्वास ठेवायचा का?
— सचिव, दूध संस्था, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : सचिवसाहेब, उत्पादकाचं बरोबर आहे. त्याला आधी चहा पाजा, मग पुढचं वाचा.

बीसी उघडल्यावर त्याचं स्केल शून्य असतं. म्हणजे भागाकार करताना दशांश चिन्हापाशी येऊन तो थांबतो, पुढे भाग लावतच नाही. ३० भागिले ४ चं उत्तर त्याच्या लेखी ७. साडेसात नाही, आठही नाही. वरचं अर्धं त्यानं टाकून दिलं.

आता संकलनाची वही काढा. यंत्र बंद पडल्यापासून ज्या ज्या गायीच्या दुधाला ३.५ फॅट लागलं आणि डिग्री २८, २९, ३० किंवा ३१ आली, त्या सगळ्यांपुढे ८.०९ हाच आकडा असणार. चार वेगळी दुधं, एकच एसएनएफ. आणि कुणाला ३२ डिग्री लागली असेल तर त्याला एकदम ९.०९. हे वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल, पण मला या चुकीची भीती वेगळ्या कारणानं वाटते. उत्तर शून्य आलं असतं किंवा ८०० आलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी भाच्याला धरलं असतं. ८.०९ हा अगदी दुधासारखा दिसणारा आकडा आहे. थोडं पातळ दूध असेल, असं म्हणून आपण पुढच्या किटलीकडे वळतो. आणि ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ ही गायीच्या दुधाच्या दराची रेघ तुम्हाला मी सांगायला नको. तो माणूस रेघेच्या वर होता, तुम्ही त्याला खाली ढकललात.

या एका ओळीत खरं तर दोन चुका आहेत, एक मोठी आणि तिच्या आडोशाला बसलेली एक छोटी. ३.५ गुणिले ०.२१ म्हणजे ०.७३५. बीसीनं त्याचे ०.७३ केले. गुणाकाराचा त्याचा नियम जरा विचित्र आहे. दोन्ही आकड्यांची दशांश स्थळं तो मिळवतो : ३.५ चं एक, ०.२१ ची दोन, एकूण तीन. तेवढी स्थळं द्यायला तो तयार असतो, पण एका मर्यादेत. स्केल आणि त्या दोन आकड्यांची स्थळं, या तिघांत जे सगळ्यांत मोठं, त्याच्या पुढे तो जात नाही. तुमचं स्केल शून्य होतं, नंतर एक झालं, पण ०.२१ ची स्थळं दोन. म्हणून दोन्ही वेळा तो दोनपाशीच थांबला आणि शेवटचा ५ गेला.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. स्केल म्हणजे ‘उत्तर इतक्या स्थळांत दाखव’ असा हुकूम नाही. बेरीज आणि वजाबाकी तर स्केलकडे ढुंकूनही बघत नाहीत; मिळवायच्या आकड्यांत ज्याची स्थळं जास्त, तेवढी उत्तरात येतात. स्केल सांगतं ते भागाकारानं कुठे थांबायचं ते. आणि वर्गमूळ, घात, गुणाकार यांनी साधारण कुठवर जायचं ते. भाच्यानं स्केलला मोबाइलवरच्या दशांश बटणासारखं समजून घेतलं. सगळेच तसं समजतात. मीही समजले होते, ते पुढे सांगते.

आता उपाय. आकडेमोड लांबलचक करू द्यायची आणि कात्री एकदाच, अगदी शेवटी चालवायची :

स्केल = ४
एस = ३० / ४ + ३.५ × ०.२१ + ०.३६
एस

इथे ८.५९५० येईल. आता दरपत्रकात एकच दशांश लागत असेल तर :

स्केल = १
एस / १

१ नं भागायचं. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण भागाकार हीच एक जागा आहे जिथे स्केल पूर्ण पाळलं जातं, म्हणून बीसीवाले छाटणी करायला एकानं भागतात. उत्तर येईल ८.५.

थांबा, ८.५ का? ८.५९५ तर ८.६ च्या जवळ आहे. कारण बीसी राउंड करत नाही, छाटतो. २ भागिले ३ दोन स्थळांत विचारा, ०.६७ नाही, ०.६६ मिळेल. राउंड करायचं असेल तर छाटायच्या आधी शेवटच्या स्थळाच्या अर्ध्याची भर घालावी लागते : (एस + ०.०५) / १. मग ८.६ येतं. ते ०.०५ थेट टाइप करा. ‘५ / १०० करून घेऊ’ असं म्हणाल तर स्केल १ असताना त्याचंच शून्य होईल आणि तुम्ही भर घातलीच नाही असं होईल. हा खड्डा मी स्वतः मोजून पाहिलेला आहे. आकडा उणे असेल तर भर घालण्याऐवजी ०.०५ वजा करायचे, पण दुधात ती वेळ येऊ नये.

छाटायचं की राउंड करायचं, हे संगणक ठरवत नाही, तुमच्या संस्थेचं दरपत्रक ठरवतं. फक्त जे ठरेल ते फळ्यावर लिहा. कारण छाटणी दर वेळी एकाच बाजूला झुकते. राउंड केलं तर आज याचे दोन पैसे वर, उद्या त्याचे खाली, दहा दिवसांच्या बिलात बरंचसं फिटून जातं. छाटलं तर प्रत्येक सकाळी, प्रत्येक संध्याकाळी, प्रत्येक उत्पादक थोडासा खाली. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं म्हणून पैशाचा हिशेब गेला असं नाही.

कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराला हे महागात पडलं होतं. त्यांनी जानेवारी १९८२ मध्ये १००० वर नवा निर्देशांक सुरू केला. दर व्यवहारानंतर तो संगणकावर नव्यानं मोजायचा आणि तीन दशांशांवर ठेवायचा, पण राउंड न करता छाटून. एका वेळची छाट म्हणजे एका अंकाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण ही मोजणी दिवसातून तीनेक हजार वेळा व्हायची. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२४.८११ वर घसरला, बाजार बरा चाललेला असताना. चूक दुरुस्त करून मोजल्यावर खरा आकडा निघाला १०९८.८९२. निम्म्याहून अधिक निर्देशांक कात्रीतून गळून गेला होता. तुमची किटली लहान असली तरी रतीब रोजचा आहे.

आणि ज्यांना ८.०९ लागलं त्यांचा फरक पुढच्या बिलात द्या. हे विचारलं नव्हतंत, तरी सांगितलं.

प्रश्न : पतसंस्थेत काम करतो. २५,००० रुपयांवर साडेनऊ टक्क्यांनी ४७ दिवसांचं व्याज. बीसीत स्केल २ ठेवून व्याज शून्य आलं! स्केल ६ केल्यावर ३०५.५० आलं. संस्थेचं सॉफ्टवेअर ३०५.८२ दाखवतं. बत्तीस पैसे कोण खातंय?
— वाई

उत्तर : तुम्हीच. पत्रासोबत ओळ पाठवलीत हे बरं केलंत, नाहीतर मी सॉफ्टवेअरवर शंका घेतली असती. तुम्ही लिहिलं आहे :

९.५ / ३६५०० × २५००० × ४७

आधी एका रुपयाचं एका दिवसाचं व्याज काढलंत. डोक्यात ही रीत स्वच्छ वाटते, पण एका रुपयाचं एका दिवसाचं व्याज म्हणजे ०.०००२६०२७ असा सुईच्या टोकाएवढा आकडा. दोन स्थळांत तो शून्यच. सहा स्थळांत ०.०००२६०, आणि त्याच्या पुढचं जे २७ गळलं त्याला तुम्ही नंतर पावणेबारा लाखांनी गुणलंत. तेच आता असं करा :

२५००० × ९.५ × ४७ / ३६५००

स्केल २ वरही ३०५.८२ मिळेल. आकडे तेच, चिन्हं तीच, फक्त भागाकार शेवटाला गेला. टक्केवारीतही हेच : स्केल २ वर २ / ३ × १०० केलंत तर ६६.००, आणि १०० × २ / ३ केलंत तर ६६.६६.

हे मी कुठे शिकले ते सांगते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी एका बँकेच्या शाखेत होते. नाव सांगत नाही, अजून तिथलंच पेन्शन घेते. हिरव्या अक्षरांची टर्मिनलं, मागे युनिक्स. त्या वेळी बचत खात्याचं व्याज दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सगळ्यात कमी शिल्लकेवर मिळायचं आणि सहा महिन्यांनी जमा व्हायचं. सहा महिन्यांच्या त्या शिलकांची बेरीज म्हणजे प्रॉडक्ट. प्रॉडक्ट गुणिले दर भागिले १२००. दर साडेचार टक्के होता. संगणक नवा, मी त्याहून नवी आणि हुशार. संगणकानं काढलेलं व्याज बरोबर आहे का, हे तपासायला मी बीसीत माझी स्वतःची ओळ लिहिली. स्केल ४ ठेवलं, म्हणजे पैशापेक्षा शंभरपट बारीक, असा माझा विचार. दर आधी भागून घेतला, कारण तो सगळ्या खात्यांना सारखाच : ४.५ / १२००.

प्रत्येक खात्यात फरक आला. प्रत्येक. मी मॅनेजरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की यंत्र ग्राहकांना जास्त व्याज देतंय. बॅचचं पोस्टिंग थांबवलं गेलं. संध्याकाळचे साडेसात वाजले, खालच्या टपरीवरून वडापाव आले. आमचे हेड क्लार्क, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, संगणकाला कधी हात न लावलेले, माझ्यामागे येऊन उभे राहिले. म्हणाले, एक लाखाचं प्रॉडक्ट घे. मी घेतलं. माझ्याकडे ३७०, यंत्राकडे ३७५. त्यांनी वडापावच्या कागदावर पेन्सिलनं गुणाकार केला, भागाकार केला, ३७५. मग विचारलं, “आधी भागलंस का?”

४.५ भागिले १२०० म्हणजे ०.००३७५. माझ्या चार स्थळांत ०.००३७. शेवटचा ५ गेला आणि प्रत्येक लाखाला पाच रुपये घेऊन गेला. हेड क्लार्क पुढे काही बोलले नाहीत, उरलेला वडापाव खात बसले. ते जास्त लागलं.

नंतर कळलं की त्यांना संगणक कळत नसला तरी त्रैराशिक कळत होतं. इच्छेला फळानं गुणायचं आणि मग प्रमाणानं भागायचं, ही आर्यभटाच्या काळापासूनची रीत. गुणाकार आधी, भागाकार शेवटी. पाटीवर हिशेब करणाऱ्याला अपूर्णांकाचं ओझं जितकं उशिरा उचलावं लागेल तितकं बरं. बीसीलाही.

वाईकर, चक्रवाढीला मात्र ही युक्ती पुरत नाही. समजा एक लाखाची ठेव, साडेआठ टक्के, तिमाही चक्रवाढ, पाच वर्षं. कंसात (१ + ०.०८५ / ४) आणि त्याचा २० वा घात. स्केल २ ठेवलंत तर कंसातच १.०२१२५ चं १.०२ होतं, घात १.४८ येतो, ठेव १,४८,००० ची होते. स्केल १० ठेवा, १,५२,२७९ रुपये आणि वर काही पैसे येतील. सव्वाचार हजारांचा फरक, आणि तोही पडद्यावर दोन दशांशांचं नीटनेटकं उत्तर दिसत असताना. चक्रवाढीत भागाकार आतच बसलेला असतो, तिथे स्केल सढळ हातानं द्या. वीस दिलंत तरी बीसीला काही वाटत नाही.

प्रश्न : बीसी ०.६६ ऐवजी नुसतं .६६ का दाखवतो? रिपोर्टमध्ये वाईट दिसतं.
— नाशिक

उत्तर : त्याची सवय. उत्तर टर्मिनलच्या प्रिंटएफ या आज्ञेतून गाळून घेतलंत तर पुढचं शून्य येतं आणि ती राउंडही करते. पण प्रिंटएफ आकडा आधी दुहेरी पद्धतीत, म्हणजे शून्य आणि एकच्या भाषेत नेते. अगदी मध्यावरचे आकडे, ८.५९५ सारखे, मग वर जातील की खाली याचा भरवसा नाही. बीसी दशमान पद्धतीतच हिशेब करतो, त्याला ०.१ अधिक ०.२ विचारलं तर बरोबर .३ सांगतो, शेपटीला ४ लावत नाही. रिपोर्टला प्रिंटएफ चालेल, पैशाला नको.

प्रश्न : मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बीसीत पायची (π) किंमत काढायला ४ गुणिले ए(१) करतात असं वाचलं. स्केल १० ठेवल्यावर ३.१४१५९२६५३२ आलं. शेवटचा आकडा ५ हवा. बीसीत बग आहे का? व्हायव्हात विचारलं तर काय सांगू?
— नांदेड

उत्तर : बग नाही. तू सापडलेला बग कळवायला निघाला नाहीस, आधी विचारलंस, हे आवडलं.

ए हे व्यस्त स्पर्शिकेचं फलन. बीसी सुरू करताना पुढे उणे एल लावलं की ते मिळतं, आणि त्याच वेळी स्केल आपोआप २० होतं. तू ते खाली आणून १० केलंस. मग ए(१) झालं ०.७८५३९८१६३३, अकराव्या स्थळावर ९ होता तो छाटला गेला. त्याला चारानं गुणलंस, म्हणजे छाटलेला तुकडाही चौपट झाला. जवळजवळ चार एकक. ३५ च्या जागी ३२ असं ते दिसतं.

स्केल २० वर क्ष = ४ × ए(१) काढून ठेव, मग स्केल १० कर, मग क्ष / १. उत्तर ३.१४१५९२६५३५. दूध संस्थेचं उत्तर वाचलं नसशील तर वर जाऊन वाच, रीत तीच आहे.

व्हायव्हासाठी एक गंमत देते. लिनक्सवर सहसा येतो त्या ग्नू बीसीची गणिताची लायब्ररी बीसीतच लिहिलेली आहे, उघडून वाचता येते. तिच्यात ए(१) साठी काहीच मोजत नाहीत! स्केल २५ पर्यंत असेल तर २५ स्थळांचं उत्तर तयार लिहून ठेवलेलं आहे, तसंच पुढे ४० पर्यंतचं आणि ६० पर्यंतचं. आणि ते परत देताना काय केलंय? आकडा भागिले १. लायब्ररी लिहिणाऱ्यांनाही हीच कात्री वापरावी लागली. त्याचं कारण असं की १ साठी व्यस्त स्पर्शिकेची मालिका फार रांगते : १ उणे एक तृतीयांश अधिक एक पंचमांश... केरळच्या माधवानं चौदाव्या शतकात ती मांडली, आणि तिच्यावर सुधारणा करत पायची अकरा दशांश स्थळं बरोबर काढली. तुझ्या दहा स्थळांपेक्षा एक जास्त. परीक्षकांना हे सांगितलंस तर पुढचा प्रश्न विसरतील.

प्रश्न : नमस्कार. ऑफिसात मॅक, घरी लिनक्स. दर वेळी स्केल टाइप करायचा कंटाळा येतो. कायमचं सेट करता येतं का? आणि हे शून्य ठेवायचं कुणाच्या डोक्यातून आलं?
— एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ज्यांच्या डोक्यातून आलं ते तुमच्याच राज्यात बसायचे, मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये. आधी डीसी होता, रॉबर्ट मॉरिस आणि लॉरिंडा चेरी यांचा. तो सी भाषेपेक्षाही जुना. सीच्या आधीच्या बी भाषेत लिहिलेला. त्यात आकडे आधी आणि चिन्ह नंतर लिहावं लागतं, आणि स्थळं ठरवायला के हे अक्षर : दोन स्थळं हवीत तर २ के. माणसांना हे जड जातं म्हणून त्यावर आपल्या ओळखीच्या लिखाणाचा बीसी चढवला, तो १९७५ मध्ये युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत आला. सुरुवातीला बीसी स्वतः काही मोजायचाच नाही, तुमची ओळ डीसीच्या भाषेत उलथवून त्याच्यापुढे सरकवायचा. लॉरिंडाबाईंनी ब्रायन कर्निगन यांच्यासोबत गणिती समीकरणं छापायचा ईक्यूएन हा प्रोग्रॅमही केला. त्या २०२२ मध्ये गेल्या. मॉरिस यांच्या मुलानं १९८८ मध्ये इंटरनेटवर सोडलेला किडा, म्हणजे आपला आपण पसरत जाणारा प्रोग्रॅम, बापाच्या हिशेबनिसापेक्षा जास्त गाजला, पण आम्हा बँकवाल्यांच्या कामी आला तो बापाचा प्रोग्रॅम.

कायमचं सेट करण्याबद्दल. तुमच्या घरच्या फोल्डरमध्ये एक साधी फाइल करा, तिच्यात स्केल = ६ ही ओळ लिहा. मग शेलच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये तुमच्या आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सुरुवातीच्या फाइलमध्ये एक चल ठेवायचं. त्याचं नाव सगळं मोठ्या लिपीत : बीसी, खालची रेघ, ईएनव्ही, खालची रेघ, एआरजीएस. त्याची किंमत म्हणजे त्या फाइलचा पत्ता. बीसी उघडताना ती आधी वाचतो. मॅकवर हल्ली ग्नूचा नाही, गॅव्हिन हॉवर्ड यांचा बीसी येतो, त्यालाही हे चल कळतं. याच धर्तीवर दुसरं एक चल आहे, बीसी, खालची रेघ, लाइन, खालची रेघ, लेंग्थ. ते शून्य ठेवलंत तर मोठं उत्तर सत्तराव्या अक्षराच्या आसपास तोडून मागे उलटी तिरकी रेघ लावायची त्याची खोड जाते.

पण मी स्वतः असं कायमचं काही ठेवत नाही. तुम्ही सहा स्थळांना सरावता, मग एक दिवस तीच ओळ स्क्रिप्टमध्ये घालून रात्री क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, लावता. क्रॉन तुमच्या शेलची फाइल वाचत नाही. तिथे स्केल पुन्हा शून्य, आणि सकाळी कोल्हापूरच्या सचिवांसारखी तुमची अवस्था. त्यापेक्षा प्रत्येक स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत स्केल हातानं लिहिलेलं बरं. चार सेकंदांचं काम आहे, एडिसनकर.

प्रश्न : २ चा अर्धा घात, म्हणजे वर्गमूळ, बीसीत काढलं तर १ येतं. स्केल २० आहे, तरीही!
— नाव छापू नये

उत्तर : स्केलचा इथे दोष नाही. बीसीचा घात पूर्णांकच लागतो, ०.५ दिलंत तर तो एक इशारा छापतो, ०.५ चं शून्य करतो आणि २ चा शून्यावा घात म्हणून १ देतो. तो इशारा तुम्ही वाचला नाहीत. वर्गमूळासाठी एसक्यूआरटी(२) लिहा. दुसरा कुठला अपूर्ण घात हवा असेल तर बीसी उणे एल लावून उघडा आणि लॉगमधून जा : ई(०.५ × एल(२)). यात एल म्हणजे लॉग आणि ई म्हणजे त्याचा उलटा. शेवटचे एक-दोन आकडे हलतील, म्हणून हवी त्यापेक्षा पाच स्थळं जास्त घ्या आणि मग एकानं भागा.